सोळा वर्षांच्या अनुभवानंतर वर्डप्रेसवरून ड्रुपलकडे: शिकण्याचा क्रम कसा ठेवावा?

अर्धविराम यांचा प्रश्न

नमस्कार. मी 2009 पासून संकेतस्थळे बांधण्याचे काम करतो. सुरुवातीची एक-दोन वर्षे हाताने लिहिलेल्या पीएचपीत गेली आणि त्यानंतरचे बहुतेक सगळे काम वर्डप्रेस या आशय व्यवस्थापन प्रणालीवर (संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) झाले. 2010 साली 3.0 आवृत्तीत कस्टम पोस्ट टाइप (आपण ठरवलेले मजकुराचे प्रकार) खऱ्या अर्थाने वापरण्याजोगे झाले, तेव्हा मी कामाची सगळी पद्धत बदलली होती. 2018 च्या डिसेंबरात 5.0 सोबत ब्लॉक एडिटर आला, त्या गोंधळातूनही सहा-सात जुनी संकेतस्थळे सुखरूप बाहेर काढली. हे बढाई म्हणून सांगत नाही. नवखेपणाची सवय सुटून मला किती काळ लोटला आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात यावे म्हणून सांगतो.

पाच आठवड्यांपूर्वी मी एका नव्या गटात रुजू झालो. त्यांचे मोठे संकेतस्थळ ड्रुपल या तशाच दुसऱ्या प्रणालीच्या आवृत्ती 10 वर चालते आणि काही महिन्यांत ते 11 वर न्यायचे आहे. पीएचपी येते, डेटाबेस कळतो, पीएचपीची पॅकेजे बसवणारा कंपोजर वापरलेला आहे, तेव्हा पंधरा दिवसांत हात बसेल असा माझा हिशेब होता. तो साफ चुकला. काय करायचे आहे ते मला पहिल्या मिनिटाला कळते, पण ते कुठे करायचे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

एक उदाहरण देतो. दुसऱ्या आठवड्यात मला ताज्या बातम्यांची यादी दाखवणारे एक पान करायला सांगितले. मी सवयीने कोड लिहायला बसलो: रूट (पानाचा पत्ता) जाहीर केला, कंट्रोलर (पान तयार करणारा कोड) लिहिला, त्यात एंटिटी क्वेरी (डेटाबेसमधून नोंदी मागवणारी विनंती) लिहिली. प्रवेशतपासणी करायची की नाही हे ड्रुपल 10 मध्ये क्वेरीला स्पष्ट सांगावेच लागते, नाहीतर ती त्रुटी देऊन थांबते. काम पुढे सरकावे म्हणून मी सरळ ‘नको’ असे लिहून टाकले. यादी दिसली, मी खूश झालो. चाचणीच्या प्रतीवर संपादकांनी ते पान उघडले तेव्हा त्यात अजून प्रकाशित न झालेल्या तीन बातम्या ठळकपणे झळकत होत्या. वर्डप्रेसची क्वेरी आपण काही न सांगता प्रकाशित पोस्टच देते, आणि ही गोष्ट माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की अट घालायला हवी हे डोक्यातच आले नाही. वर शेजारच्या सहकाऱ्याने शांतपणे सांगितले की ही यादी व्ह्यूजमधून, म्हणजे पडद्यावरूनच याद्या बनवण्याच्या सोयीतून, कोडची एक ओळही न लिहिता दहा मिनिटांत होते, आणि तिथे ‘प्रकाशित’ ही अट आधीच लावलेली असते.

त्यानंतर मी उलट टोकाला गेलो आणि एक गुंतागुंतीचा हिशेब व्ह्यूजमध्ये बसवण्यात दोन दिवस घालवले. तो कोडमध्येच करायला हवा होता, असे शेवटी कळले.

मी एक वही केली आहे. डाव्या रकान्यात वर्डप्रेसचा शब्द, उजव्या रकान्यात ड्रुपलचा. पोस्ट म्हणजे नोड, कस्टम पोस्ट टाइप म्हणजे कंटेंट टाइप, प्लगइन म्हणजे मॉड्यूल, टर्म (वर्गीकरणातला शब्द) म्हणजे टर्म. अशा साठ-सत्तर ओळी झाल्या आहेत, तरीही अडखळणे कमी होत नाही. माझ्यासारख्या जुन्या माणसाने नवी प्रणाली शिकताना क्रम कसा ठेवावा? आधी प्रशासकीय पडद्यांवर हात बसवावा, थीमिंगपासून सुरुवात करावी, की सरळ गाभ्याचा कोड वाचायला घ्यावा? ‘सराव करा, येईल’ हे उत्तर मला मान्य आहे, पण कशाचा सराव करायचा हे कोणी सांगितले तर उपकार होतील.

तळटीप यांचा प्रतिसाद

ती दोन रकान्यांची वही आधी मिटून ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. तशीच एक वही मीही केली होती आणि तिने माझे जवळजवळ चार महिने खाल्ले. ज्या ओळींत दोन्हीकडचे शब्द वेगळे असतात त्या फारसे नुकसान करत नाहीत, कारण तिथे माणूस सावध असतो. घात होतो तो दोन्हीकडे शब्द एकच असतो आणि वस्तू निराळी असते तिथे.

‘ब्लॉक’ घ्या. वर्डप्रेसच्या संपादकात ब्लॉक हा लेखाच्या मजकुराचा तुकडा असतो. तो एचटीएमएलच्या टिप्पण्यांत गुंडाळून पोस्टच्या मजकुरातच साठवला जातो. ड्रुपलमध्ये ब्लॉक ही थीमच्या एखाद्या रीजनमध्ये (पानाच्या ठरावीक भागात) मांडलेली पेटी असते, आणि ती कोणत्या पानांवर, कोणत्या भूमिकेच्या माणसाला दिसावी याच्या अटी तिच्यासोबत नोंदलेल्या असतात. ‘प्लगइन’चे तर विचारूच नका. वर्डप्रेसमध्ये जी वस्तू आपण बाहेरून आणून बसवतो तिला ड्रुपलमध्ये मॉड्यूल म्हणतात हे तुमच्या वहीत आहेच. पण ड्रुपलमध्येही ‘प्लगइन’ हा शब्द आहे, आणि तिथे तो ठरलेल्या साच्यात बसणाऱ्या, अदलाबदल करता येणाऱ्या वर्गासाठी वापरतात. ब्लॉकचा प्रकार हे एक प्लगइन, फील्ड पडद्यावर कसे दिसावे हे ठरवणारा फॉर्मॅटर हे दुसरे. ‘हुक’चेही, म्हणजे प्रणालीच्या कामात आपला कोड अडकवण्याच्या जागेचेही, तसेच. वर्डप्रेसमध्ये आपण ॲक्शन किंवा फिल्टर नोंदवतो. ड्रुपलमध्ये वर्षानुवर्षे फंक्शनच्या नावावरूनच हुक ओळखला जात आला आहे, म्हणजे मॉड्यूलचे नाव पुढे जोडले की झाले, नोंदणी वेगळी करावी लागत नाही. 11.1 पासून वर्गातल्या मेथडवर ॲट्रिब्यूट लावून हुक लिहिण्याचीही सोय आली आहे, त्यामुळे पुढचे काही दिवस तुम्हाला दोन्ही तऱ्हा शेजारी-शेजारी दिसतील.

आता क्रमाबद्दल. माझ्या मते कोणतीही आशय व्यवस्थापन प्रणाली शिकताना पहिला प्रश्न हाच विचारावा की हिच्या दृष्टीने आशय कुठे संपतो आणि मांडणी कुठे सुरू होते. वर्डप्रेसमध्ये ही रेषा पुसट आहे. लेख, मेन्यू, विजेट, प्लगइनच्या सेटिंग्ज हे सगळे एकाच डेटाबेसमध्ये नांदते, आणि आपल्या संगणकावर केलेला बदल चालू संकेतस्थळावर न्यायचा म्हणजे एकतर तो कोडमध्ये लिहायचा किंवा तिथे जाऊन त्याच खुणा पुन्हा हाताने करायच्या. ड्रुपलने 2015 च्या नोव्हेंबरात आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ही रेषा ठसठशीत आखली. कंटेंट टाइप, त्याची फील्ड, व्ह्यूज, भूमिका आणि त्यांचे अधिकार हे कॉन्फिगरेशन. ते यामल या साध्या मजकूर-फाइलींच्या रूपात निर्यात होते, कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये राहते आणि दुसऱ्या प्रतीवर आयात होते. नोड, वापरकर्ते, टिप्पण्या हा आशय. तो ज्या डेटाबेसमध्ये जन्मला तिथेच राहतो.

इतपत सोपे आहे. गंमत काठावर आहे. शब्दसंग्रह (वर्गीकरणाच्या टर्मचा गट) हे कॉन्फिगरेशन, पण त्यातली प्रत्येक टर्म हा आशय. मेन्यू हे कॉन्फिगरेशन, पण संपादकाने पडद्यावरून त्यात घातलेली लिंक हा आशय. आणि वेबफॉर्म हे मॉड्यूल वापरत असाल तर त्यातला फॉर्म स्वतः कॉन्फिगरेशन असतो, आणि तो भरून पाठवणाऱ्यांच्या नोंदी मात्र कॉन्फिगरेशनमध्ये येत नाहीत.

शेवटचे वाक्य मी अनुभवाने शिकलो. एका संकेतस्थळावर संपादकांनी दुपारी चालू प्रतीवरच नोंदणीचा नवा फॉर्म तयार केला. तो बनवण्याचा अधिकार त्यांना आम्हीच दिला होता. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे नवा कोड चढवला आणि कॉन्फिगरेशन आयात केले. निर्यात केलेल्या फाइलींत जे नाही ते आयातीच्या वेळी काढून टाकले जाते, हा नियम मला वाचून ठाऊक होता. आयातीपूर्वी जी यादी पडद्यावर येते तिच्यात काय निर्माण होणार, काय बदलणार आणि काय पुसले जाणार हे लिहिलेले असते. पुसले जाणाऱ्यांत एक ओळ होती, ती मी वाचली आणि तरीही ‘होय’ म्हटले, कारण ते नाव माझ्या ओळखीचे नव्हते. ओळखीचे नव्हते म्हणूनच थांबायला हवे होते. फॉर्म गेला, तो रात्री बॅकअपमधून परत आणावा लागला. आता आम्ही संपादकांच्या हातातले फॉर्म कॉन्फिग इग्नोर या मॉड्यूलच्या साहाय्याने आयातीतून वगळतो, आणि चालू प्रतीवर आयात करण्यापूर्वी तिथली स्थिती निर्यात करून फरक डोळ्यांखालून घालतो.

म्हणून सराव असा करा. एक कोरे ड्रुपल आपल्या संगणकावर बसवा आणि आठवडाभर एकही ओळ कोड न लिहिता त्यात एक छोटे पण खरे वाटेल असे काहीतरी बांधा: दोन-तीन कंटेंट टाइप, त्यांना जोडणारी संदर्भ-फील्ड, एक शब्दसंग्रह, दोन व्ह्यूज, वेगवेगळे व्ह्यू मोड (तोच मजकूर दाखवण्याच्या तऱ्हा). प्रत्येक बदलानंतर ड्रश या ड्रुपलच्या आज्ञा-साधनाने कॉन्फिगरेशन निर्यात करा आणि गिटमधला फरक वाचा. पडद्यावर एक चौकोन टिचकवला तर कोणत्या फाइलीत कोणती ओळ हलली, हे पाहणे म्हणजे गाभ्याचा कोड वाचण्याची पूर्वतयारीच आहे. मग त्याच डेटाबेसची दुसरी प्रत करा आणि एकीकडचे बदल दुसरीकडे न्या. दुसरी प्रत नव्याने बसवून तिथे सरळ आयात करायला गेलात तर ती नाकारली जाईल, कारण प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःचा यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक) असतो आणि तो जुळावा लागतो. ही अडचण एकदा घरच्या घरी अनुभवलेली बरी.

फील्डबद्दल एक सांगायचे राहिले. वर्डप्रेसमध्ये पोस्टची जास्तीची माहिती एकाच मेटा-सारणीत नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी पडते, त्यामुळे नवे फील्ड जोडताना कोणी फार विचार करत नाही. ड्रुपलमध्ये प्रत्येक फील्डची डेटाबेसमध्ये स्वतःची सारणी होते, आणि आवृत्त्यांसाठी आणखी एक. फील्डचे मशीन-नाव पडद्यावरून नंतर बदलता येत नाही, आणि त्यात माहिती भरल्यावर प्रकारही बदलता येत नाही. तेव्हा ‘आत्ता टाकू, मग बघू’ ही सवय इथे सोडावी लागेल. मी अजूनही कंटेंट टाइप आधी कागदावर काढतो.

मोकळा कंस यांचा प्रतिसाद

वरच्या उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, पण ‘आठवडाभर कोड लिहू नका’ हा सल्ला सोळा वर्षे कोड लिहिलेल्या माणसाला मी देणार नाही. पडद्यांवर काय आहे हे त्याला तसेही दोन दिवसांत कळेल. अनुभवी माणसाला ड्रुपलमध्ये खरी ठेच लागते ती कॅशमध्ये (तयार पान साठवून पुन्हा देण्याच्या सोयीत), आणि ती पडद्यांवर दिसतच नाही. वर्डप्रेसमध्ये पानांची कॅश बहुधा बाहेरून बसवलेल्या प्लगइनचे किंवा सर्व्हरचे काम असते. आपण एचटीएमएल छापतो आणि पुढची काळजी दुसरा घेतो. ड्रुपल 8 पासून मात्र आपण जे काही दाखवतो त्यासोबतच ते कशावर अवलंबून आहे हेही सांगायचे असते: कोणत्या वस्तू बदलल्या की हे शिळे होईल, कोणत्या संदर्भानुसार हे वेगळे दिसेल आणि जास्तीत जास्त किती वेळ ते ठेवायचे. यांना अनुक्रमे टॅग, काँटेक्स्ट आणि मॅक्स-एज म्हणतात.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. लॉग-इन केलेल्या माणसाला त्याच्या नावाने अभिवादन करणारा एक साधा ब्लॉक मी लिहिला होता. दहा-बारा ओळींचा. प्रशासक म्हणून पाहिला, बरोबर दिसला. लॉग-आउट करून पाहिला, बरोबर दिसला. साधा सदस्य म्हणून पाहिला, तरी बरोबर. चालू प्रतीवर चढवल्यावर तासाभरात एका संपादकाचा निरोप आला की त्याच्या पानावर दुसऱ्याच संपादकाचे नाव दिसते आहे. कारण कळल्यावर मी कपाळावर हात मारला. ड्रुपल काही संदर्भ आपोआप गृहीत धरते, त्यात वापरकर्त्याचे अधिकार असतात. पण तो नेमका कोण आहे हे नसते. माझ्या चाचणीतल्या तिन्ही खात्यांचे अधिकार वेगवेगळे होते, त्यामुळे प्रत्येकासाठी वेगळी प्रत साठवली गेली आणि सगळे ठीक दिसले. समान अधिकारांची दोन माणसे आल्यावर पहिल्याचे नाव दुसऱ्याला दिसले.

घाईत मी मॅक्स-एज शून्य करून टाकले होते, आणि अनुभवी माणसे हेच करतात असे मी पुढे अनेकदा पाहिले. ब्लॉकमध्ये ते फारसे अंगाशी येत नाही; पण तीच सवय कंट्रोलरमध्ये नेली तर ते शून्य सगळ्या पानाला चिकटते आणि लॉग-इन केलेल्यांसाठीही चालणारी डायनॅमिक पेज कॅश ते पान साठवायचेच सोडून देते. त्याउलट लॉग-इन न केलेल्या पाहुण्यांसाठी जी पेज कॅश असते ती या शून्याकडे बघतच नाही, म्हणजे जिथे परिणाम हवा असतो तिथे तो होत नाही. योग्य उपाय एका ओळीचा होता: ब्लॉकच्या वर्गात ‘यूजर’ हा कॅश-काँटेक्स्ट जाहीर करणे. तसे केले की ड्रुपल त्या ब्लॉकच्या जागी एक खूण ठेवते, उरलेले पान कॅशमधून देते आणि नाव मागाहून भरते.

थीमिंगमध्येही अशीच एक खोच आहे. ट्विग या ड्रुपलच्या टेम्पलेट-भाषेचे डीबग (दोष शोधण्याची सोय) चालू केले की पानाच्या स्रोतात प्रत्येक तुकड्याभोवती टिप्पण्या येतात, कोणकोणत्या नावाच्या टेम्पलेट चालल्या असत्या आणि प्रत्यक्षात कोणती चालली ते त्यात खुणेसह लिहिलेले असते. वर्डप्रेसची टेम्पलेट हायरार्की पाठ असलेल्या माणसाला हे बघून फार बरे वाटते. पण मग तो टेम्पलेटमध्ये फील्डचे कच्चे मूल्य थेट छापू लागतो, ट्विग त्यातले एचटीएमएल निष्प्रभ करते म्हणून टॅग जसेच्या तसे अक्षरांत दिसतात, आणि ते घालवण्यासाठी तो ‘रॉ’ हा फिल्टर लावतो. त्या क्षणी मजकुरावरचे सुरक्षेचे सगळे चाळण बाजूला पडते आणि संपादकाने चिकटवलेली कुठलीही स्क्रिप्ट पानावर चालू शकते. फील्ड त्याच्या फॉर्मॅटरमधूनच बाहेर येऊ द्यावे. मी कोड तपासताना ‘रॉ’ दिसला की लिहिणाऱ्याला कारण विचारतो, आणि समाधानकारक कारण फार थोड्या वेळा मिळते.

म्हणून माझा क्रम असा: चौथ्या-पाचव्या दिवशी एक छोटे मॉड्यूल लिहायला घ्या, त्यात एक ब्लॉक आणि एक सेटिंगचा फॉर्म असू द्या, आणि तो ब्लॉक समान भूमिकेच्या दोन वेगळ्या खात्यांनी तपासा. सर्व्हिसेस, डिपेंडन्सी इंजेक्शन, रूटिंग हे सगळे सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या घटकांवर उभे आहे. आधुनिक पीएचपीत आधी काम केले असेल तर ते फार परके वाटणार नाही.

मुद्रितशोधक यांचा प्रतिसाद

मी प्रोग्रामर नाही. गेली आठ वर्षे वेगवेगळ्या ड्रुपल संकेतस्थळांवर मजकूर चढवण्याचे आणि तपासण्याचे काम करते, त्यामुळे या चर्चेत बोलावे की नाही असा प्रश्न पडला होता. पण वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट आली नाही. अर्धविराम, तुम्ही जो कंटेंट टाइप बांधता तो आमच्यासाठी एक फॉर्म असतो आणि आम्ही दिवसातले पाच-सहा तास त्या फॉर्मसमोर बसतो.

एका संकेतस्थळावर लेखाच्या फॉर्ममध्ये ‘सारांश’, ‘लघुवर्णन’ आणि ‘प्रस्तावना’ अशी तीन फील्ड होती. कोणते कुठे दिसते हे कोठेही लिहिलेले नव्हते. मी तिन्हींत तेच वाक्य भरायचे. पुढे कळले की त्यातले एक यादीत दिसायचे, दुसरे शोधयंत्रांसाठी होते आणि तिसरे कुठेच दिसत नव्हते, जुन्या रचनेतून तसेच राहिले होते. प्रत्येक फील्डखाली मदतीचा मजकूर लिहिण्याची सोय ड्रुपलमध्ये असते. ती जागा भरायला एक मिनिट लागते.

माझी सूचना अशी की शिकण्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस संपादकाचे खाते घेऊन बसा. प्रशासकाच्या खात्याने नव्हे, कारण त्या खात्याला सगळेच दिसते. एक लेख लिहा, मसुदा म्हणून ठेवा, चित्र जोडा, चित्र बदला, जुन्या आवृत्तीवर परत जा. तुमच्या त्या तीन अप्रकाशित बातम्या ज्यांना दिसल्या त्या संपादकांशी तासभर बोललात तर कोणती फील्ड प्रत्यक्षात वापरली जातात हे कोणत्याही दस्तऐवजापेक्षा लवकर कळेल.

अर्धविराम यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून तीन आठवडे झाले, म्हणून काय केले ते नोंदवतो.

वही मिटवली नाही, पण तिचे रूप बदलले. वर्डप्रेसचा रकाना खोडला आणि त्या जागी दोनच शक्यता ठेवल्या: कॉन्फिगरेशन की आशय. रोज जी वस्तू हाताखाली येते ती कोणत्या बाजूची हे आधी अंदाजाने लिहितो आणि मग निर्यात करून पडताळतो. पहिल्या वीस नोंदींत सहा अंदाज चुकले. तारखा कशा दिसाव्यात याचे स्वरूप मी आशयाच्या बाजूला टाकले होते, ते कॉन्फिगरेशन निघाले. संकेतस्थळाचे नाव तर मी दोनदा चुकवले.

समान भूमिकेची दोन खाती करून मी गटाच्या जुन्या कोडमधले सगळे ब्लॉक पाहत बसलो, आणि एका ब्लॉकमध्ये तोच दोष सापडला. नावाऐवजी तिथे ‘तुमचे शेवटचे वाचन’ दाखवले जात होते, त्यामुळे इतके दिवस कोणाच्या लक्षात आले नव्हते. पाच-सहा आठवडे प्रश्नच विचारत फिरल्यावर पहिल्यांदा मी गटाला काही दिले, याचे समाधान वाटले. संपादकांसोबत दोन तास बसलो; त्यातून निघालेली यादी लांब आहे आणि तिच्यातली निम्मी कामे फक्त मदतीचा मजकूर लिहिण्याची आहेत. 11 वर जाण्याची तयारीही सुरू केली. अपग्रेड स्टेटस हे मॉड्यूल चालवून आमच्या कोडमधली कालबाह्य झालेली फंक्शन शोधतो आहे आणि सर्व्हरवर पीएचपी 8.3 आणायला सांगितले आहे, कारण 11 ला किमान तेवढे लागते. सातव्या आवृत्तीवरून पुढे आलेले सहकारी तेव्हाच्या आठवणी सांगतात, त्या मानाने हे फारच सौम्य दिसते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. माझ्या संगणकावर मी पडद्यावरून एक सूचनेचा ब्लॉक तयार केला, तो तळाच्या रीजनमध्ये मांडला, कॉन्फिगरेशन निर्यात केले आणि चाचणीच्या प्रतीवर आयात केले. तिथे ब्लॉकच्या जागी तो तुटलेला आहे किंवा सापडत नाही अशी ओळ येते. मांडणी पोचली, मजकूर पोचला नाही, एवढे मला आता कळते. पण मग अशा ब्लॉकचे करायचे काय?

तळटीप यांचा प्रतिसाद

तुमचे निदान बरोबर आहे. तो ब्लॉक दोन वस्तूंनी बनलेला असतो. त्यातला मजकूर हा आशय आहे आणि तो तुमच्या संगणकावरच्या डेटाबेसमध्येच राहिला. तो कुठे मांडायचा ही नोंद कॉन्फिगरेशन आहे, ती पुढे गेली. निर्यात केलेली यामल फाइल उघडून पाहा, तिच्यात त्या मजकुराचा यूयूआयडी लिहिलेला दिसेल. चाचणीच्या प्रतीवर त्या यूयूआयडीचे काहीच नाही.

आम्ही उलट्या दिशेने जातो. ब्लॉकचा मजकूर आधी चालू प्रतीवर तयार करायचा, पण मांडायचा नाही. मग त्या डेटाबेसची प्रत आपल्याकडे आणायची, इथे तो ब्लॉक मांडायचा आणि मगच निर्यात करायची. मांडणी पुढे जाते तेव्हा मजकूर तिथे आधीच हजर असतो. मजकूर कोडसोबतच जायला हवा असेल तर डिप्लॉय हुक (नवा कोड चढवताना एकदाच चालणारे फंक्शन) लिहून त्याच यूयूआयडीने तो ब्लॉक तयार करता येतो. ड्रशची डिप्लॉय ही आज्ञा डेटाबेसचे अपडेट आणि कॉन्फिगरेशनची आयात उरकल्यावर शेवटी हे हुक चालवते, त्यामुळे मधल्या काही क्षणांत ती ओळ दिसली तरी घाबरू नका. आणि सूचनेचा मजकूर संपादक कधीच बदलणार नसतील, तर तो पडद्यावरून केलेला ब्लॉक ठेवूच नका. मॉड्यूलमध्ये ब्लॉकचे प्लगइन लिहा, म्हणजे मजकूर कोडमध्ये आणि मांडणी कॉन्फिगरेशनमध्ये, दोन्ही गिटमधूनच जातील.